शेणावरची छत्री

काळजी करण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस नाशिक जिल्ह्यात नव्हता. नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. पण खरं काम घरच्यांवरचं संकट आधी स्वतःवर घेऊन पाहण्याचं. उघडं पाणी, नव्या गवळ्याचं दूध, सगळं आधी ते चाखत आणि घड्याळाकडे बघत बसत. इगतपुरीच्या एका लग्नात बासुंदी चाखून त्यांनी वाढलेली पंगत अर्धा तास थांबवली होती. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळीही आधी यांनीच खाल्ली आणि घेरी येऊन पडले. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, म्हणायची, "मला तेवढं न चाखता आणलं."

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. क्वार्टर्समागे म्हशींचा गोठा होता. आमची चार वर्षांची धाकटी तिथून आली ती शेणावर उगवलेली राखाडी छत्री अर्धी खाऊन. उरलेली अर्धी हातात. तिला उचलून आम्ही कॉलनीतल्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी उलटी करवली आणि सांगितलं की या छत्र्यांत साध्या असतात तशा जिवावर बेतणाऱ्याही असतात. ही कुठली ते सांगता येत नाही, वाट बघायची.

वाट बघणं साडूंना जमणारं नव्हतं. ते मध्येच नाहीसे झाले आणि परतले ते तोंड पुसत. शेणाच्या त्याच पोवरच्या उरलेल्या छत्र्या त्यांनी खाल्ल्या होत्या.

"दाजी, काय केलंत हे?" माझी बायको म्हणाली.

"तिनं अर्धी खाल्लीय, मी चांगल्या चार. जे व्हायचं ते आधी मला होईल. डॉक्टर, तुम्ही माझ्यावर नजर ठेवा, म्हणजे तिला काय द्यायचं ते कळेल."

डॉक्टर त्यांना भरपूर बोलले आणि मग त्यांची नाडी धरून बसले. मी एकदा पोरीकडे, एकदा साडूंकडे बघत होतो. तासाभरानं त्यांचे ओठ थरथरू लागले. मेहुणीनं पदराचा बोळा तोंडात धरला. आणि ते हसले. आधी खुदकन, मग गदागदा. भिंतीकडे बघून, डॉक्टरांच्या चपलांकडे बघून. त्यांना हसताना आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे आम्ही जास्तच घाबरलो. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी पोरीचा हात धरला.

"भिऊ नको गं. नुसतं हसू येतं."

पोरीला तेही आलं नाही. झोपून उठली आणि भूक लागली म्हणाली. संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना सोडलं. साडू परत गंभीर झाले होते, वाटभर तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. पुढे ते गेले तोवर मला कधी तसे हसताना दिसले नाहीत.

डॉक्टरांना मी पाच रुपये दिले. साडूंना काय देणार?