दोन्ही हातांत नारळ

त्या सकाळी माझ्या मनात भक्ती कमी आणि कुरकुर जास्त होती. यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन छान पार पडलं होतं, डॉक्टर रोज चाला म्हणत होते, पण यांच्या मनातली भीती काही जाईना. माझा हात धरल्याशिवाय हे पाऊल उचलत नसत. हा माणूस आता खुर्चीतच राहतो की काय, या काळजीने मी माहेरच्या देवीला साकडं घातलं आणि नाशिकहून यांना घेऊन घोटीकडे तिची ओटी भरायला निघाले.

देवीचं मूळ गाव धरणात गेलं. देऊळ आता काठावर आहे. गाडी धरणाच्या भिंतीपाशीच थांबते, पुढे पाण्याच्या कडेने पायवाट. "तू जाऊन ये, मी बसतो गाडीत," हे म्हणाले. मी तणतणत निघाले ती खण आणि तांदूळ घेऊन, आणि देवळात पोचल्यावर पाहते तर नारळ गाडीतच राहिलेला. देवीच्या नावाने काढलेला नारळ आमच्यात घरी परत नेत नाहीत, वाटेत जमिनीला टेकवतही नाहीत. परत चालत जायचं त्राण माझ्यात नव्हतं. पायरीवर बसले आणि म्हटलं, "आई, आता तूच बघ."

थोड्या वेळाने वाटेवर म्हशी दिसल्या. त्यांच्यापुढे आमचे हे, छातीशी नारळ धरून, आपल्या पायांनी चालत येत होते. मागे काठी घेतलेली एक बाई. तिने म्हशींबरोबर यांनाही हाकत आणलं म्हटलं तरी चालेल.

"बाबा नारळ घिऊन गाडीपाशी घुटमळत व्हते," ती म्हणाली. "म्हनलं, देवीचं हाय, दोन्ही हातांनी धरा, खाली ठिवू नका. मी हाय मागं."

"हात मोकळाच नव्हता," हे त्या बाईकडे बघत म्हणाले, "नाहीतर हिचाच धरला असता."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाईला प्रसादाला थांब म्हटलं, पण म्हशी पाण्यात शिरल्या होत्या, ती त्यांच्यामागे गेली.

ती कोण, याचा खल मी करत नाही. वेळेवर आली, एवढं मला पुरे. यांच्या पायांत बळ दे म्हणून मी रोज देवीला विनवत होते आणि यांचा हात मात्र घट्ट धरून ठेवत होते. तिच्यावर सोपवायचं तर आपण सोडावंही लागतं. ओटी भरली, डोळे पुसले आणि निघताना सवयीने हात पुढे केला. हे केव्हाच वाटेला लागले होते.