सोजरचे चिंचोके

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललो न्हाई. लेकाजवळ न्हाई, भावाजवळ न्हाई. माझ्या बायकोच्या, सोजरच्या दहाव्याला बोलणार होतो — पार तोंडाशी आलं होतं — पण सगळे माना हलवून म्हणून राहिले, "लई गरीब बाई होती. कधी वरच्या आवाजात बोलली न्हाई." आणि माझं डोस्कं सणकलं. गरीब? अरे, मापात मारणाऱ्या दुकानदाराच्या हातातलं माप भर बाजारात हिसकून घेणारी बाई ती! ती गरीब झाली कशी, हे कुणी विचारलं का? तुम्हीबी विचारलं नसतं. म्हणून सांगतो.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालांतली गोष्ट. आमचं गाव नव्या जिल्ह्याच्या कडेला, मुखेडच्या वाटेवर. जिल्हा बदलला, पाऊस मात्र फिरकला न्हाई. गावाला एकच विहीर, तिच्यातबी गाळ. तेवढ्यात नांदेडच्या कॉलेजातली शिकाऊ पोरं-पोरी गावात येऊन राहिली. पुस्तकातलं झालं, आता लोकांत राहून, विचारून शिका — असं त्यांच्या सरांनी धाडलेलं. गाव दाखवायचं काम माझ्याकडं. मी बापूराव मालकाची जमीन बटईनं करायचो, अन्‌ पोरांचा मुक्काम मालकाच्याच ओसरीवर. गावाला बोअर एकच मिळणार होता. कुठं पाडायचा, ते या पोरांच्या नकाशावरून ठरणार होतं.

त्यांची रीत न्यारी. कागद आधी काढायचा न्हाई. चावडीपुढं बायांनी रांगोळीनं गाव काढायचं — घरं, वाटा, विहीर. पाण्यासाठी जिथं जितकं ताटकळावं लागतं, तिथं तितके चिंचोके ठेवायचे. गाव "बराबर हाय" म्हणलं, की मग कागदावर उतरवायचं. त्यांच्यात शैला नावाची पोरगी होती. पहिल्या दिवशी बायांना विचारते, "रोज किती लिटर पाणी लागतं?" बाया पदरात तोंड घालून हसल्या. सोजर म्हणली, "लिटर रॉकेलला विचार बाय, पाण्याला घागरी विचार." तिथून पोरगी हिच्या मागं-मागं.

रांगोळी काढली त्या सकाळी बायांनी दोन-दोन, चार-चार चिंचोके ठेवले. मग सोजर उठली. विहिरीच्या खालच्या अंगाला बौद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी मांडून बसायच्या. त्यांना विहिरीवर चढू देत नव्हते. वरून कुणी ओतलं तरच पाणी. परक्या माणसापुढं गाव हे कधी बोलायचं न्हाई. सोजरनं रांगोळीत त्या जागी ओंजळभर चिंचोके ओतले. ढीग केला. तिची खुरपणीतली जोडीदारीण कौसा त्याच वाड्यातली, मागं उभी होती. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

आणि बापूराव मालक खाकरला.

एवढंच. शिवी न्हाई, धमकी न्हाई, नुसता खाकरला — आणि मी? मला कुणी उठ म्हणलं होतं का? मी उठलो, चपलेनं तो ढीग उधळला आणि सगळ्या गावापुढं म्हणलो, "हिचं टाळकं फिरलेलं हाय. हिचं काही धरू नका."

लोक हसले. शैला हसली न्हाई. ती सोजरजवळ खाली बसली. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तेच उतरवते." सोजरनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. "चुकलं माझं," म्हणली ती.

गाव "बराबर हाय" म्हणलं. बोअर मालकाच्या शेतातल्या आखाड्याजवळ, त्याच्या गोठ्याला लागून पडला. बौद्धवाड्यातल्या बाया तशाच बसत राहिल्या, कितीतरी सालं. कौसानं खुरपताना पुन्हा कधी हिच्या शेजारची पात धरली न्हाई.

दुष्काळ होता, लेकरं होती, मालकानं जमीन काढून घेतली असती — हे मी माझं मलाच लई सांगून बघितलं. खोटं हाय! भ्या होतं, पण तेवढं नव्हतं. बायको माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते, लोक तिचं ऐकतात, याची आग होती माझ्या पोटात. मालकाचं खाकरणं मला आयतंच घावलं.

त्यानंतर सोजर चारचौघांत बोलली न्हाई. लेकीला बघायला पाहुणे आले, तरी बोलली न्हाई. आणि मला ते — कसं सांगू? — मला ते बरं वाटायचं.

औंदा पोळ्याच्या आधी तिला नांदेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण पोरसवदा, मायाळू. खाटेवर वाकून म्हणाली, "आजी, कुठं दुखतंय?"

सोजरनं डोळे उघडले. माझ्याकडं बोट केलं.

"यांना विचारा."

मला ठाऊक नव्हतं. तरी मी बोललो. "पोटात," म्हणलो.