पदकांच्या भागाकारात रोहिणीला धरायचं का?

मैत्रिणींनो, दुपारच्या शिकवणीपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितेय.

नाशिकला घरीच मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. आज ऑलिंपिकच्या पदकांवरून वाद पेटला. कुणी म्हणे सुवर्णपदकं मोजा, कुणी म्हणे एकूण. मला लहानपणी बाबांनी घरीच गणित शिकवलं. तुलना करण्याआधी भागायचं, हे तेव्हापासून अंगवळणी पडलंय. म्हणून म्हटलं, "पदकांना लोकसंख्येने भागा. तोच न्याय." आपला देश पार तळाला गेला.

"एवढी माणसं, अन् करतात काय?" वर्गातला ओंकार हसला.

मामाकडे राहून शिकणारी वणीची रोहिणी मागून म्हणाली, "मॅडम, त्या माणसांत मी पण हाय का?"

"हो, तूही."

"मग मला काढा. मला पळू कुठं देतात?"

शाळेत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही. सोमवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. "चड्डी घालून पळायचं नाय," असं वडिलांनी काल फोनवर बजावलंय.

अशा मुली भागाकारात ठेवल्या, तर न पळाल्याचा ठपका त्यांच्यावरच येतो. वगळल्या, तर देश वर सरकतो. म्हणजे जितक्या जास्त मुली घरी बसवू, तितका देश चांगला दिसणार.

मला न्याय्य यादी करता आली नाही. रोहिणीच्या वडिलांचा नंबर तिच्याकडून घेतलाय. पण माझ्या बोलण्याने तिचं शिक्षणच बंद झालं तर?

तुमच्यापैकी कुणी अशा वडिलांशी बोललंय का? सुरुवात कशी केलीत?