साखळी धरणारा एमिल

एमिल ह्रुश्का दर तिसऱ्या शनिवारी सकाळी माझ्या खुर्चीत बसायचा आणि तोंड उघडायचा नाही. चाळीस वर्षं मी या गावात केस कापतोय, पण न्हाव्यासमोर गप्प बसणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. बाकीचे तर केस वाढले नसले तरी बोलायला येतात.

त्या हंगामात सगळ्यांना विषय एकच होता, एमिलचा मुलगा कोल्बी. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू व्हायचा, म्हणून कौतुकही त्याचं आणि शिव्याही त्यालाच. पोरगा चाळीस यार्डांवर असा बॉल फेकायचा की बघणाऱ्याने उठून उभं राहावं. पुढच्याच डावात तसाच बॉल समोरच्या संघाच्या हातात नेऊन द्यायचा.

“तो नसता तर एक सामना जिंकला नसता आपण,” बर्निस म्हणायची. तिचं शेजारी डोनटचं दुकान. खोका ठेवायला म्हणून यायची आणि तासभर हलायची नाही.

“आणि तो आहे म्हणून जिंकलेले तीन घालवले,” वॉल्ट कोझाक म्हणायचा. हा पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. कारखाना बंद झाला तेव्हापासून गाव चालवतो. “प्रशिक्षक सांगतो एक, हा करतो भलतंच. समजतो कोण स्वतःला?”

“तू शाळेत असताना काय केलंस रे? बाकडं गरम केलंस!”

“केलं. पण बॉल नाही दिला कधी दुसऱ्याला.”

“द्यायला आधी हातात यावा लागतो, वॉल्ट.”

हे सगळं एमिलच्या डोक्यावरून चालायचं. गळ्याभोवती माझा पांढरा कपडा, नजर आरशात. मुलाचा बाप समोर बसलाय याची लाज कोणालाच नव्हती. मलाही नव्हती, हे आधीच कबूल करतो. कोणी फारच डिवचलं तर एमिल एवढंच म्हणायचा, “मी साखळी धरतो बाबा.”

आमच्या मैदानावर दिवे नाहीत, सामने शनिवारी दुपारी होतात. चार डावांत दहा यार्ड पुढे गेलं तर बॉल आपल्याकडे राहतो, आणि ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांमधली साखळी. पुढची काठी सव्वीस वर्षं एमिलच्या हातात होती. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, हळहळायचंसुद्धा नाही. कोल्बी जन्मायच्या आधीपासून एमिलने हा नियम पाळला होता. पुढे तो इतका अंगात मुरला की मैदानाबाहेरही सुटेना. एरवी तो पाणी खात्यात मीटर वाचायचा. आकडा वाचायचा, लिहायचा, पुढच्या घरी जायचा.

फक्त एकदा त्याने विचारलं. ऑक्टोबरमधली सकाळ होती, दुकानात आम्ही दोघंच. मी मानेवर वस्तरा फिरवत होतो. डोळे मिटलेले ठेवूनच तो म्हणाला, “ऑगी, पोरगा चांगला खेळतो ना रे?”

मी हसलो. “अर्ध्या गावाला तसं वाटतं.”

माझं ठरलेलं उत्तर होतं ते. दोन्ही बाजूंची डोकी माझ्या खुर्चीत येतात, मी कोणाला दुखवत नाही. वस्तरा बाजूला झाल्यावर एमिलने मान हलवली.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात कोल्बीने बापाकडे एक गोष्ट मागितली. एमिलची बायको मार्लीन बर्निसला सांगत होती, म्हणून मला कळलं. पोरगा म्हणाला, “बाबा, हा एक सामना साखळी सोडा. आईशेजारी बसा. सगळ्यांचे बाप ओरडतात तसं माझ्या नावाने एकदा ओरडा.” एमिल हो म्हणाला. बदली माणूससुद्धा शोधला.

त्या दिवशी, सामन्याआधी, शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुलं आईबापांना घेऊन मैदानाच्या मधोमध चालत जातात. एमिल कोल्बीशेजारून चालला, नवा कोट घालून. परत येतो तर पंच त्याची वाट बघत उभे. बदली माणसाची पाठ धरली होती, तो घरी बिछान्यात पडलेला. साखळीवाले पुरे नसतील तर सामना सुरू होत नाही. एमिलने आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मीही बघत होतो, आणि माझे दोन्ही हात धडधाकट होते. मी उठलो नाही. साखळी एमिलचीच, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं.

मार्लीनने शेजारच्या जागेवर आपली पर्स ठेवली.

दोन मिनिटं उरली होती, आम्ही तीन गुणांनी मागे. चौथा डाव, एक यार्ड हवा होता. प्रशिक्षकाने बॉल फेकायला सांगितला होता. कोल्बीने बॉल छातीशी धरला आणि स्वतःच मुसंडी मारली. माणसांचा ढीग झाला. ढीग उठला तेव्हा बॉल कुठपर्यंत पोहोचलाय ते कोणालाच कळेना. पंचांनी साखळी आत बोलावली.

एमिल काठी घेऊन आत गेला. मैदान इतकं शांत झालं की साखळीच्या कड्या वाजलेल्या ऐकू आल्या. मागची काठी रोवली गेली. एमिलने साखळी ताणली आणि पुढची काठी बॉलजवळ उभी केली. कोल्बी तिथेच गुडघ्यावर होता, बापाच्या बुटांपाशी.

बॉल दोन बोटं कमी पडला.

कोल्बीने मान वर केली. एमिलचे ओठ हलले, असं बर्निस आजही शपथेवर सांगते. पण त्याने काठी उचलली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने रेषेबाहेर जाऊन उभा राहिला.

आम्ही हरलो. सोमवारी दुकानात तेच सुरू. “प्रशिक्षकाचं ऐकलं असतं तर जिंकलो असतो,” वॉल्ट म्हणाला. “बापाला साखळी दोन बोटं सैल सोडता आली नाही,” बर्निस म्हणाली. मी पहिल्यांदा ओरडलो, “गप्प बसा दोघं!” फार उशिरा ओरडलो, हे ओरडतानाच कळलं.

जूनमध्ये कोल्बी नौदलात निघाला. आदल्या दिवशी डोकं भादरायला आला. अर्धं झाल्यावर आरशात बघत म्हणाला, “ऑगीकाका, तुमच्याकडे सगळे बोलतात. बाबा कधी माझ्या खेळाबद्दल काही बोलले?”

केस कापायचं यंत्र माझ्या हातात गुरगुरत होतं. खोटं बोलता आलं असतं. “एकदाच,” मी म्हणालो. “मला विचारलं, पोरगा चांगला खेळतो ना रे?”

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

मी यंत्र बंद केलं. त्याच्या मानेवरचे केस झटकले. मग पुन्हा झटकले; अर्ध्या गावाचं ते ठरलेलं उत्तर त्याला सांगवेना. तो आरशातून माझ्याकडे बघत थांबला होता.