दुकान विकलं नाही, दिलं

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की एक अरुंद दुकान लागतं. आत शिरताना आधी खळीचा वास येतो आणि मग कागद कापायच्या यंत्राचा लांब दांडा दिसतो. माझ्या थोरल्या जाऊबाई त्या दांड्याशी उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या. या विद्यापीठातून जे डॉक्टर होऊन बाहेर पडले, त्यांतल्या बहुतेकांच्या प्रबंधांवरची सोनेरी अक्षरं त्यांच्या हातची आहेत. आतल्या मजकुरातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि तसं त्या समोरच्याला बेधडक सांगतात. "मला पुस्तकाची पाठ कळते. पोटात काय आहे ते तुमचं तुम्ही बघा."

बाइंडिंगचं दुकान मूळ थोरल्या भावोजींचं. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता शटर खाली येणार. जाऊबाईंनी सुतक संपल्यावर शटर वर केलं आणि मला म्हणाल्या, "धाकटे, दुपारचा डबा तेवढा पाठवत जा." बस, एवढंच. मूलबाळ नव्हतं. घर एकच, त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. माझी लेक अर्धी त्यांच्याकडेच वाढली. तिला त्या मोठी आई.

त्यांची कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच येऊन अडलं. जाऊबाई कधी पावती देत नाहीत आणि आगाऊ पैसे घेत नाहीत. पोरगा रडकुंडीला येऊन प्रबंधाचा गठ्ठा टेबलावर ठेवतो. त्या गठ्ठा हातात तोलतात आणि म्हणतात, "गुरुवारी ये." मग गुरुवारी तो तयार असतो. अंगात ताप असला तरी तयार असतो. आणखी एक. प्रबंधाच्या कडा कापल्या की कोऱ्या पट्ट्या निघतात, त्या त्यांनी जन्मात टाकल्या नाहीत. जरा रुंद पट्ट्यांची बोटभर जाड चोपडी शिवून ती प्रबंधाबरोबर परत देतात. कुणी "हे काय?" विचारलं तर म्हणतात, "तुझाच कागद आहे. मी कापला म्हणून माझा होत नाही."

तीन वर्षांपूर्वी त्या रद्दीच्या दुकानाशी थांबल्या होत्या. तराजूत पुस्तकांचा ढीग होता, वर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे शिक्के. ग्रंथालयातला जुना दुरुस्तीवाला निवृत्त झाल्यापासून फाटकी पुस्तकं अशीच जात होती. जाऊबाईंनी त्यातलं एक उचललं. पुठ्ठा गेलेला, पाठ लोंबत होती. त्यांनी मधली घडी उघडून टाके पाहिले. टाके भावोजींचे होते, आणि एकही तुटलेला नव्हता.

ते पुस्तक त्या रद्दीच्या भावाने विकत घेऊन घरी आल्या. मला दाखवलं. त्या दिवशी देवापुढे नेहमीपेक्षा बराच वेळ बसल्या, ते मी पाहिलं.

मग त्या उठल्या आणि थेट ग्रंथपालबाईंकडे गेल्या. म्हणाल्या, पुस्तकं दुरुस्त करायची एक खोली ग्रंथालयात करा, एक माणूस पगारावर ठेवा, मी त्याला शिकवते, पैसेही मी देते. ग्रंथपालबाईंनी कागदावर आकडे मांडून खर्च सांगितला. जाऊबाई परत आल्या त्या वाटेतच दुकान विकायचं ठरवून. शेजारचा झेरॉक्सवाला किती वर्षं मागेच लागला होता. भिंत पाडून दोन्ही दुकानं एक करायची त्याची हौस. त्याने सांगितलेल्या किमतीत खोली आणि माणूस दोन्ही बसत होतं. जाऊबाईंनी त्याच्या टेबलाशी उभं राहून चहा घेतला आणि म्हणाल्या, "दुकान तुझं."

हे आम्हाला कळलं ते रविवारी. लेक आली होती. ती लोकांचे कराचे हिशेब करून देते, म्हणून जाऊबाई तिला सरकार म्हणतात.

"सरकार, मी दुकान विकते आहे."

लेकीने पोळीचा घास खाली ठेवला. "कुणाला? आणि पैसे?"

"झेरॉक्सवाल्याला. पैसे विद्यापीठाला. सगळे."

"सगळे नाही देता येणार तुला."

"का? कोण अडवतंय?"

"मीच," लेक म्हणाली. "सरकार ना मी? मोठ्या बाबांनी दुकान घेतलं तेव्हा ती जागा मातीमोल होती. आज तुला भरपूर मिळतायत. तो मधला सगळा फायदा धरला जातो, आणि त्यावर तुला कर बसतो. आधी तो जाणार. उरेल ते तू देणार."

"किती जाईल?"

लेकीने सांगितलं. माझ्या हातात वाढायचा डाव तसाच राहिला. खोली झाली असती, पण माणूस राहिला नसता. नुसती खोली घेऊन काय करायचं, पुस्तकं आपली आपण शिवून घेणार आहेत का?

"आणि विकण्याऐवजी दुकानच देऊन टाकलंस तर," लेक म्हणाली, "तर विक्रीच झाली नाही. विक्री नाही म्हणून फायदा नाही, फायदा नाही म्हणून कर नाही. विद्यापीठ ते ठेवेल नाहीतर विकेल. त्यांनी विकलं तरी त्यांना कर नाही, कारण ते शिक्षणाचं काम करतात. म्हणजे दुकानाची पै न् पै त्यांच्या पदरात. वर तुलाही सूट मिळते. मागच्या अंगणातल्या खोल्या भाड्याने दिल्यास, त्या भाड्यावर तू दरवर्षी कर भरतेस ना? तो पुढची काही वर्षं बराच कमी होईल."

जाऊबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे मी दान करायचं, आणि सरकारने माझ्या हातावर सुटे पैसे परत ठेवायचे?"

"तसंच काहीसं."

"देवापुढे ठेवायचं आणि निघताना त्यातलंच थोडं उचलायचं. वा. ती सूट तुझ्याकडेच ठेव, सरकार."

"बरं, सूट नंतर बघू. दुकान तर द्यायचं ना?"

जाऊबाई ताटातला भात चिवडायला लागल्या. मला कळलं काय अडलंय ते. झेरॉक्सवाल्याला शब्द दिला होता.

"मग असं करू," मी म्हटलं, "विद्यापीठाला सांगू, तुम्ही घ्या आणि झेरॉक्सवाल्यालाच विका. शब्दही राहील."

"नाही गं आई," लेक म्हणाली. "आधीच आतून ठरवून ठेवलं तर करवाले म्हणणार, विक्री हिचीच, विद्यापीठ नुसतं नावाला. मोठी आई त्या शब्दातून मोकळी होऊन मगच देऊ शकते. नंतर विद्यापीठ काय करेल ते त्यांच्या मनावर."

म्हणजे शब्द मागे घ्यायला हवा होता. साऱ्या जन्मात ज्यांनी कुणाला दिलेला वार चुकवला नाही, त्यांनी. जाऊबाई पानावरून उठल्या, हात धुतले, आणि "दुपारी झोपते जरा" म्हणून वर गेल्या. त्या दुपारी कधीच झोपत नाहीत. वर चालण्याचा आवाज येत होता.

सोमवारी सकाळी त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. झेरॉक्सवाला यंत्राचं झाकण उघडून आत डोकं घालून बसला होता.

"मावशी, या. भिंत पाडणाऱ्याला बोलावलंय मी बुधवारी, नुसतं बघून जायला."

"त्याला नको म्हण," जाऊबाई म्हणाल्या. "मी तुला दुकान दिलं म्हणाले होते. तो शब्द मला परत हवाय."

त्याने डोकं बाहेर काढलं. नाकाला काळी शाई लागलेली. "दुसऱ्याने जास्त भाव दिला?"

"कुणी काही दिलं नाही. मी विकलं तर त्यातलं बरंच करात जातं, आणि माझं काम अर्धवट राहतं. विद्यापीठाला तसंच दिलं तर पुरं होतं. पण शब्द तुला दिलाय. तू नाही म्हणालास तर दुकान तुझंच. मी विकेन आणि उरेल ते देईन. तुझ्या मागे कुरकुर करणार नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, त्या हातापाया पडतील किंवा उलट दटावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. दुकान त्यांच्या हातात होतं आणि तरी त्यांनी ते त्या माणसाच्या मर्जीवर ठेवलं. असं मी तरी कुणाला करताना पाहिलं नाही.

झेरॉक्सवाल्याने फडक्याने नाक पुसलं, शाई गालावर पसरली. "मावशी, तुमच्या गुरुवारचा शुक्रवार कधी झाला नाही. आता माझ्यावरच व्हायचा होता का?"

"झाला खरा."

त्याने फडक्याची घडी घालून यंत्रावर ठेवली. मग म्हणाला, "तुमच्याकडे बांधायला येतात म्हणून पोरं माझ्याकडे प्रती काढतात. हे काय मला ठाऊक नाही? जा, दिलं सोडून. फक्त विद्यापीठाने विकायला काढलं तर पहिली हाक मला मारायला सांगा."

"ते मला सांगता येत नाही. बसत नाही कायद्यात."

"एका रविवारात कायदाही शिकलात," तो म्हणाला, आणि भिंत पाडणाऱ्याला फोन लावला. चिडला होता थोडा. माणूसच आहे. पण त्याने चहा सांगितला, आणि पैसे देऊ दिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपालबाई दुकान बघायला आल्या. विकलं तर काय येईल याचा अंदाज घ्यायला आल्या होत्या, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी कापायचं यंत्र पाहिलं, दाबायचे लोखंडी शिकंजे पाहिले, उंच खिडकीतून टेबलावर पडणारा उजेड पाहिला. रद्दीतून आणलेलं ते पुस्तक जाऊबाईंनी आता नवा पुठ्ठा घालून फळीवर ठेवलं होतं, ते हातात घेऊन उघडमीट केलं.

"हे विकून आम्ही ग्रंथालयात काय करणार?" त्या म्हणाल्या. "हेच करणार. फाटकापासून चार पावलांवर आहे. खोली इथेच ठेवू."

जाऊबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी भावोजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पण ते फार वेळ टिकलं नाही. दुकान विकायचं नाही म्हणजे पैसा हातात येत नव्हता. ग्रंथपालबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, अर्धा पगार विद्यापीठाकडून मंजूर करून आणते, उरलेल्या अर्ध्याचं बघावं लागेल. त्यांनी लिहायला कागद मागितला. जाऊबाईंनी सवयीने फळीवरची चोपडी पुढे केली.

"छान आहे. कुठे मिळते?"

"मिळत नाही. कात्रण आहे. एका पोरीचा प्रबंध होता, ती न्यायला विसरली. आली तर देईन, म्हणून ठेवलीय. तुम्ही एक पान घ्या, ती रागावणार नाही."

लेक दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही, आणि याचं मला आजही कौतुक वाटतं, कारण तिला बोलायचं होतं हे मला तिच्या हनुवटीवरून दिसत होतं. जाऊबाईंनी चोपडी परत हातात घेतली. कडेवरून अंगठा फिरवला.

"सरकार," त्या म्हणाल्या, "ती सूट. दरवर्षी येईल म्हणालीस ना?"

"काही वर्षं येईल. त्या अर्ध्या पगाराला पुरेल, थोडी वरच भरेल."

"म्हणजे ते कात्रण झालं. मी दान दिलं, त्याच्या कडेचं निघालं. माझं नाही ते."

"मग घेणार नाहीस?"

"घेते. टाकून कशाला देऊ? टाकलं तर सरकारच्या केरात जाईल. घेते, आणि ज्याच्या कामातून निघालं त्यालाच शिवून परत देते. घरात मात्र एक रात्रही ठेवायचं नाही."

लेक हसायला लागली. "मोठी आई, तू ते परत दिलंस की त्याच्यावरही सूट मिळते."

जाऊबाई म्हणाल्या, "कात्रणाचं कात्रण. पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या पट्ट्या होतील."

ग्रंथपालबाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. लेकीने मात्र हसू आवरून एक गोष्ट पक्की करून घेतली. देतानाच्या करारात ही जागा पुस्तकांच्या दुरुस्तीसाठीच आहे आणि पुढचे पैसे त्या पगारासाठीच आहेत, असं लिहून घेतलं. नाहीतर उद्या कुणी तिथे उपाहारगृह काढेल, म्हणाली.

सही करायला जाऊबाई धुतलेलं पातळ नेसून गेल्या. परत आल्यावर किल्ली देवापुढे ठेवली, हात जोडले, आणि तीच किल्ली उचलून दुकानात गेल्या, कारण एकाला मंगळवार सांगितला होता आणि तो मंगळवार होता.

आता शटरवर विद्यापीठाची पाटी आहे. जाऊबाईंचं नाव घालतो म्हणाले, त्यांनी नको म्हटलं. ग्रंथालयात कपाटं पुसायला होती त्या बाई पगारावर आल्या आहेत. चाळिशीच्या आहेत, टाका घट्ट घालतात, आणि जाऊबाईंना उलट बोलतात, म्हणून जाऊबाई खुश आहेत. झेरॉक्सवाला येता जाता विचारतो, "विकायला काढलं का?" त्या म्हणतात, "तुझं आधी काढ."

पहिल्या वर्षीची सूट बँकेत जमा झाली त्या सकाळी लेकीचा फोन आला. दुपारच्या आत ती विद्यापीठाकडे गेलेली होती. दुसऱ्या वर्षी त्या परत दिलेल्या रकमेवरचीही थोडी सूट आली, तीही गेली. संध्याकाळी जाऊबाई माझ्याकडे खाली आल्या. हातात कोऱ्या कागदाच्या अरुंद पट्ट्या होत्या, एका टोकाला दोरा ओवलेला.

"म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या, "खुणेच्या पट्ट्या."

त्यांतली एक माझ्या पोथीत आहे. रोज वाचते तिथून ती पुढे सरकते.