सोमवारी चालणारे गेम

त्या श्रावणात एक आठवडा माझी झोप उडाली होती. कारण सांगितलं तर हसाल. व्हिडिओ गेममधलं विमान शाकाहारी की मांसाहारी, हे मला ठरवायचं होतं. आणि मी काय ठरवते, यावर माझ्या आठ वर्षांच्या सोनलचा सोमवार अवलंबून होता.

असल्या गोष्टी एकट्या येत नाहीत हो. शिवणाच्या डब्यात एक पांढरं बटण शोधायला हात घालावा आणि मूठभर भलतीच बटणं वर यावीत, तसं होतं. आमच्या कर्जतच्या महिला मंडळाचं एक काही सांगायला घेतलं की मागोमाग पाच येतात. पाचही आठवून अजून माझं डोकं तापतं. तरी सांगते.

*

दत्तूशेठचं मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचं. रेडिओ कुणी दुरुस्त करीनासं झालं, तेव्हा त्याने मुंबईहून तीन मशिनं आणली. एकात मोटारींची शर्यत. दुसऱ्यात दोन पैलवान एकमेकांना लाथाबुक्क्यांनी बडवायचे. तिसऱ्यात आपलं एक विमान, समोरून येणारी शंभर विमानं, आणि गोळ्याच गोळ्या.

समोरच देवळाचा सभामंडप. तिथे दर सोमवारी दुपारी आमचं मंडळ. श्रावणी सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाची, म्हणून सोनल माझ्याबरोबर यायची आणि थेट विमानावर जायची. एरवी मशिनला मुलग्यांचा असा गराडा की तिला नंबरच लागायचा नाही. सोमवारी मी समोर बसलेली असायची, म्हणून दत्तूशेठ तिला खोक्यावर उभं करून खेळू द्यायचा. आठवड्यातला तो अर्धा तास! एवढंच तिचं सुख.

आणि सांगायला काय हरकत आहे, ती खेळायची झकास.

*

आमच्या अध्यक्ष मालतीबाई. उपासाला काय चालतं आणि काय नाही, यात आख्ख्या पेठेत त्यांचा शब्द शेवटचा. आमच्याकडे निम्म्या सुना कोकणातल्या आणि निम्म्या घाटावरच्या, त्यामुळे कोथिंबीर चालते की नाही यावर दोन सुनांचं वर्षभर बोलणं बंद असायचं. मालतीबाईंनी वहीत यादीच करून ठेवली होती. जिरं चालतं, हळद नाही. भेंडी चालते, पण श्रावणात नाही. का, ते विचारायचं नाही.

तर मालतीबाईंना एके दिवशी पैलवानाच्या मशिनमधून किंकाळी ऐकू आली.

"दत्तूशेठ! श्रावण आहे हा! देवासमोर मारामाऱ्या?"

दत्तूशेठ हुशार. हात जोडून म्हणाला, "वयनी, आमी बी माळकरी घरातले. सोमवारी हितं हिंसा व्हायची नाय."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी! 'श्रावणी सोमवारी व शनिवारी फक्त शाकाहारी गेम.'

त्याने हे मंडळाचं तोंड बंद करायला लिहिलं होतं. त्याला काय माहीत, यादी म्हटली की आमच्या मंडळाला किती हुरूप येतो!

*

पुढच्या सभेला विषय एकच. कुठला गेम चालतो?

मोटारी चालतात, यावर पटकन एकमत झालं. पैलवान चालत नाहीत, यावर त्याहून पटकन. विमानापाशी गाडी अडली.

माझ्या शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "विमान म्हणजे पत्रा. पत्रा फुटला तर हिंसा कसली?"

मालतीबाई म्हणाल्या, "आत पायलट असतो."

"दिसत नाही ना पण."

"अंड्यातलं पिल्लू तरी दिसतं का? खाता का मग श्रावणात अंडं?"

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. मंडळात मी एकटी बी.ए., म्हणून चिटणीस. पाणीपट्टीच्या अर्जापासून बारशाच्या नावापर्यंत काहीही अडलं की, "ती ठरवील, ती शिकलेली आहे."

तत्त्वज्ञान माझा विषय होता, आणि माझ्या शिक्षणाचा पहिला खरा उपयोग हा! आठवड्याची मुदत मागून घेतली. त्या आठवड्याची झोप कुठे गेली, ते वर सांगितलंच आहे. विमान शाकाहारी लिहावं, तर 'मुलीसाठी लिहिलं' म्हणतील. मांसाहारी लिहावं, तर मुलीच्या तोंडाकडे कसं बघू?

आमच्या ह्यांना विचारलं. हे खोपोलीला कारखान्यात, संध्याकाळी मित्रांबरोबर पत्ते. पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणाले, "लिहून टाक मांसाहारी. उगाच वाद नको." आणि त्याच हाताने हुकमाच्या दुरीने बदामाची राणी मारली! वारही सोमवारच. पण पत्ते कुणाच्या यादीत नाहीत. पुरुषांचे खेळ यादीत येतच नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी वहीत लिहिलं, 'विमान: तूर्त मांसाहारी.' 'तूर्त' लिहून मी शूरपणा केला, असं मला त्या वेळी खरंच वाटलं होतं.

*

पुढच्या सोमवारी सोनलला मी मंडपात माझ्याशेजारी बसवलं. ती नुसती समोर बघत राहिली. मीही बघितलं, तर विमानापुढे पाच मुलगे! आणि सगळ्यांत पुढे मालतीबाईंचा नातू बंड्या, गोळ्यांवर गोळ्या झाडतोय!

मी ताडकन उठले. "मालतीबाई, हे काय? आज सोमवार ना?"

त्या शांत. "अगं, तो उपास कुठे करतो?"

"म्हणजे?"

"चालतं-न चालतं हे उपास करणाऱ्याला. मुलगे काय, सकाळीच भाकरी ओढून बसलेत. त्यांना कसलं बंधन? तुझी सोनल उपास करते."

करत होती. साबुदाण्याच्या खिचडीच्या मोहाने का होईना, पण हट्टाने करत होती. आणि आख्ख्या कर्जतमध्ये त्या दुकानात जाणारी मुलगी एकच, माझी. म्हणजे सतरा बायकांनी दोन सभा घेऊन, बी.ए. झालेल्या चिटणिसाकडून लिहून घेऊन जो नियम केला, तो एका मुलीसाठी! आणि खाली सही तिच्या आईची!

मी काय केलं? काही नाही. खाली बसले. त्याचाच राग मला सगळ्यांत जास्त येतो.

*

माझ्यापेक्षा लेक व्यवहारी. पुढच्या सोमवारी तिने भर दुपारी डाळभात कालवून घेतला आणि सासूबाईंच्या समोर बसून खाल्ला.

"अगं, सोमवार ना तुझा?"

"सोडला मी आजी. आता विमान चालतं मला."

तासाभरात ही बातमी पेठभर. मालतीबाई रस्त्यातच भेटल्या. "बघितलंस? गेमपायी पोरी उपास मोडायला लागल्या! आणि घर कुणाचं, तर चिटणिसाचं!"

"बंड्या तर करतच नाही, तेव्हा..."

"त्याचं नको सांगूस. त्याने मोडला नाही. त्याने धरलाच नाही."

उत्तर मला घरी कणीक मळताना सुचलं. माझी उत्तरं नेहमी कणकेलाच ऐकावी लागतात.

शिक्षा म्हणून सासूबाईंनी सोनलचं सोमवारी दुकानात जाणंच बंद केलं. उपास धरला तर विमान चालत नाही. सोडला तर घरातून बाहेर पडायचं नाही. सांगा, आठ वर्षांच्या पोरीने जायचं कुठून?

*

दाराशी शेवळासारख्या रानभाज्या विकायला येणारी ठाकूरवाडीतली हिरीबाई हे सगळं ऐकत होती. पावसाळ्यात ती आमच्या ओट्यावर टेकून चहा घ्यायची. तिने एकच विचारलं.

"ती इमानं पडत्यात, ती मरत्यात का मग?"

मी म्हटलं, "दुसरं नाणं टाकलं की पुन्हा येतात."

"तीच?"

"तीच."

"मंग गं कसलं पाप," म्हणून तिने टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. मंडळाच्या दोन सभा, माझं तत्त्वज्ञान आणि एक कप चहा. ह्यातलं फक्त चहाचं चीज झालं.

*

मधेच नव्या मशिनची आवई उठली. कुठून उठली देव जाणे. खालापूरहून माझी नणंद आली, ती सांगत आली, "वहिनी, तुमच्याकडे म्हणे आत बसायचं मशिन येतंय! स्टिअरिंगसकट!" नेरळच्या दुकानदाराने आगाऊ मागणी नोंदवलीय, पण पहिलं कर्जतला येणार. त्यात रंग शंभर आहेत. त्यात बोरघाट आहे, वळणासकट! जिंकलं की मशिन आपलं नाव घेऊन शाबास म्हणतं, मराठीत! बंड्या तर छातीठोक सांगत होता की त्याच्या मामाने ते दादरला डोळ्यांनी बघितलंय. मामा कधी दादरला गेलेला नव्हता.

आता ह्यात मंडळाने पडायचं काय कारण? पण पडलं! न आलेल्या मशिनवर सभा! मोटार म्हणजे चालतं, हे ठरलेलंच होतं. पण मालतीबाईंना शंका. "घाटात गाडी दरीत गेली तर?"

"तर काय?"

"आत माणसं असणार."

सुमनवहिनी म्हणाल्या, "हा अपघात झाला, हिंसा नव्हे."

"मग खोपोलीपर्यंत चालतं, आणि वर घाट लागला की नाही, असं लिही," मालतीबाईंनी मला सांगितलं. आणि मी, ऐका हो, मी ते लिहिलं!

शनिवारी टेंपो आला. ताडपत्रीत काहीतरी उभं बांधलेलं. पेठेतली झाडून सगळी पोरं मागे पळाली. दत्तूशेठही पळत आला. "आरं थांबा रं, मी काय मागवलंच नाय!" ताडपत्री सुटली. आतून निघालं मंडळाचं लोखंडी कपाट. वह्या ठेवायला आम्हीच सांगितलेलं!

पोरांनी आम्हाला जे काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. मला त्यातलं एकही चूक वाटलं नाही.

*

श्रावणाचा शेवटचा सोमवार. एवढ्या दिवसांचं साठलेलं माझ्या तोंडातून सभेत एकदम बाहेर पडलं. "मी 'तूर्त' लिहिलंय! तूर्तची मुदत संपली. विमान एकीनेही नीट बघितलेलं नाही. आधी बघा, मग बोला. नाहीतर चिटणीस दुसरी शोधा!"

आवाज माझाच होता, पण मीच दचकले. सतरा बायका उठल्या आणि रस्ता ओलांडून दुकानात शिरल्या. आत जेमतेम सहा मावत होत्या. बाकीच्या पाटीखाली.

"आत कोण असतं?" मालतीबाईंनी विचारलं.

"कोन नाय वयनी, नुसत्या वायरी हायत."

"पेटीत नाही विचारलं. विमानात!"

दत्तूशेठने मान खाजवली. "त्ये मी कवा विचारलं नाय."

"चालवून दाखवा."

त्याने चालवलं. एका नाण्यात मिळणारी आपली तिन्ही विमानं तीन मिनिटांत पडली. नीट काही दिसलंच नाही. "आमाला नाय ह्यो जमत. ह्यो त्या पोरीलाच जमतोय," म्हणून त्याने सोनलकडे बोट केलं. ती माझ्या पदराआड होती. सासूबाईंना मी, मंडळाने बोलावलंय, असं खोटंच सांगून तिला आणलं होतं.

मालतीबाई म्हणाल्या, "तपासणीपुरतं चालेल."

सोनल खोक्यावर चढली. तीन सोमवार झाले होते, पण हात विसरले नव्हते. ती डावीकडे झुकायची, तशा सहा बायका डावीकडे झुकायच्या. समोरून विमानं येत होती, फुटत होती, आणि सुमनवहिनी प्रत्येक वेळी "गेलं बाई!" म्हणत होत्या. मालतीबाई चष्मा सावरत पुढे सरकल्या, आणखी पुढे सरकल्या, इतक्या की निम्मी काच त्यांच्या अंबाड्याने झाकली.

"पडताना तर कुणी दिसत नाही," त्या पुटपुटल्या. मग वळून सरळ सोनललाच विचारलं. "तू एवढी खेळतेस. खरं सांग हं बाळ, देवाचा वार आहे. ह्या विमानात माणूस बसलेला असतो का?"

तिला आयुष्यभर खरं बोलायला शिकवणारी मी, मनातल्या मनात म्हणत होते, 'नाही म्हण. फक्त नाही म्हण. पुढचे सगळे सोमवार तुझे.'

सोनलने मशिनवरची नजर काढली नाही.

"समोरच्यांचं मला नाही माहीत आजी. पण ह्या विमानात मी बसलेय. तुम्ही जरा सरका ना, तुमच्या मागून तीन येतायत!"