त्या आया नव्हत्या

तीन आठवड्यांपूर्वी भाजी घेऊन परतताना आमच्या बालमंदिरातला एक जुना विद्यार्थी भेटला. आता बँकेत आहे, टक्कल पडलंय. स्कूटर थांबवून म्हणाला, "बाई, आपल्या शाळेतल्या आया वारल्या. देवळीले, भावाच्या घरी." मी म्हटलं, "अरेरे." पिशवी सावरली आणि घरी आले. बाबा रे, यमुनाबाई आया नव्हत्या, ती शाळाच त्यांची होती आणि मी तिथं नोकरीला होते, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

वर्ध्यात स्वतःच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी ते बालमंदिर काढलं, पन्नास-एक्कावन्नच्या सुमाराला. शिक्षण मराठी सातवी, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, मूलबाळ नाही. दप्तरांच्या खुंट्या ठोकताना बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, लेकरांचा हात कुठवर पोचतो ते कळावं म्हणून. मी पुण्याहून बालशिक्षणाचा कोर्स करून आलेली, बावीस वर्षांची, शिष्टपणा अंगभर. जन्म वर्ध्याचाच, पण दोन वर्षांत 'मले' विसरून आले होते. पोरगं 'मले पाणी पायजे' म्हणालं की मी त्याला दहादा 'मला' म्हणायला लावायची. यमुनाबाई हसायच्या. "मास्तरीणबाई, आंधी पाणी द्या त्याले. व्याकरण मंग पाजजा."

राज्य बदललं, आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, आणि मान्यतेसाठी नवे साहेब तपासणीला आले. मान्यता नाकारली असती तर शाळेला कुलूपच. साहेब पश्चिमेकडचे, परीटघडीचे, बोलणं स्वच्छ. नेमक्या त्या वेळी यमुनाबाई अंगणात एका पोराची ओली चड्डी धूत बसल्या होत्या. लुगडं वर खोचलेलं, पायात काही नाही, आणि तोंडानं "काऊन रडून राह्यला रे, होते असं कधी" चाललेलं. मला तर साहेबांनी मुख्याध्यापिकाच धरलं होतं. त्यांनी विचारलं, "या आया का?"

मी "हो" म्हटलं.

शाळेसाठी म्हटलं, असं पुढे मी स्वतःला पुष्कळ समजावलं. खोटं आहे ते. मला त्यांची लाज वाटली... आज माझी मला वाटते. बाईंनी माझं 'हो' ऐकलं होतं. हात पुसून त्या आत गेल्या, चहा करून आणला आणि दाराशी उभ्या राहिल्या, आपल्याच घरात. साहेब गेल्यावर माझी मान वर होईना. त्या म्हणाल्या, "साखर कमी तं नाई पडली चहात?" मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्यांना आया म्हणायला लागली. मी एकाला दटावलं तर म्हणाल्या, "म्हणू दे वं सुमन. आया नं माय, लेकराच्या तोंडात सारखंच." मला हायसं वाटलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, असं मी धरून चालले. फार सोयीचं होतं ते. पुढे त्याच साहेबांच्या शेऱ्याच्या जोरावर मला मोठ्या शाळेत नोकरी लागली. बालमंदिर काही वर्षांनी बंद पडलं, बाई देवळीला भावाकडे गेल्या. एसटीनं तासाभराची वाट, पण मी एकदाही गेले नाही.

मागच्या रविवारी गेले. भावाच्या सुनेनं ट्रंकेतून फडक्यात बांधलेलं शाळेचं शेरेबुक काढून दिलं. साहेबांचा शेरा त्यात आहे. 'मुख्याध्यापिका सुमनताई तळमळीच्या आहेत.' आणि खालच्या ओळीत, 'आयाही प्रेमळ.'

सून म्हणाली, "आलं-गेलं त्याले आत्याबाई हे पान दाखवत. म्हणत, पाहा, आमच्या सुमनचं नाव सायबानं लिवलं."

"आणि खालची ओळ?" मी विचारलं.

"खालची? तिथं तं त्याइचा अंगठा राहे."

पान उजेडाकडे धरून पाहिलं. दुसऱ्या ओळीवर अंगठ्याएवढा तेलकट डाग आहे. शाई पुसट झालीय, पण साहेबांचं अक्षर चांगलं होतं. 'आया' अजून वाचता येतं.